लेकीच्या बाळंतपणासाठी मेलबर्नला जाताना

आमची मुलगी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला असते. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी आम्ही उभयतांनी तिकडे जायचे ठरवले, तेव्हा दारव्हा तालुक्यातील आमच्या गावातून एवढ्या लांब कोणीच गेलेले नसल्यामुळे विचारायला माणूस नव्हता. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आहे आणि आमचे हे शेती पाहतात. या विषयावरची बहुतेक माहिती नोकरदारांना समोर ठेवून दिलेली असते. सातबारा, हंगाम आणि घरचे धान्य यांचा विचार तिच्यात नसतो, म्हणून शेतकरी कुटुंबाला काय काय करावे लागते ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पासपोर्टचे काम नागपूरच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येते आणि ते वाटले होते त्यापेक्षा सोपे निघाले. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला चालला. खरा वेळ गेला तो नावे जुळवण्यात. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव आधार कार्डावर साधे, सातबाऱ्यावर ‘राव’ लावून आणि बँकेच्या पासबुकावर वेगळ्याच स्पेलिंगने लिहिलेले असते. आधार, पॅन आणि बँक या तिन्ही ठिकाणी पासपोर्टप्रमाणेच नाव करून घेतले, आणि सातबाऱ्यावरील दुरुस्तीला वेळ लागणार असल्यामुळे दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडले.

पर्यटक व्हिसाला तिकडे सबक्लास 600 म्हणतात. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, कागदपत्रे स्कॅन करून जोडायची असतात आणि मंजुरीचे पत्र ईमेलने येते. पासपोर्टवर शिक्का किंवा चिकटपट्टी काहीही नसते. अर्जदाराचे वय 75 किंवा त्याहून अधिक असेल तर वैद्यकीय तपासणी करावी लागते. अर्ज तपासणाऱ्याला मुख्यतः एवढेच पाहायचे असते की हा माणूस खरोखर भेटीसाठी येतो आहे आणि मुदतीत परत जाईल. त्यासाठी माझ्या पेन्शनचे कागद, सातबारा, आठ-अ (जमिनीचा खातेउतारा), मुलीचे निमंत्रणपत्र आणि तिच्या पगाराच्या पावत्या आम्ही जोडल्या. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर लागते, आणि भाषांतर भारतात करून घेतले तर भाषांतरकाराचे पूर्ण नाव, पत्ता, दूरध्वनी आणि भाषेतील पात्रता त्यावर लिहिलेली असावी लागते.

बँकेच्या उताऱ्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. नोकरदाराच्या खात्यात दरमहा पगार दिसतो. कापूस पिकवणाऱ्याच्या खात्यात वर्षातले बरेच महिने शुकशुकाट असतो आणि दिवाळीनंतर एकदम मोठी रक्कम येते. कारण सांगितले नाही तर अशी रक्कम तपासणाऱ्याला संशयास्पद वाटू शकते. म्हणून आम्ही एका पानाचे पत्र लिहिले, त्यात कापूस आणि तूर कोणत्या महिन्यांत विकली जाते ते सांगितले आणि प्रत्येक मोठ्या रकमेसोबत विक्रीची पावती जोडली. तालुक्याच्या ठिकाणी एका एजंटाने उसने पैसे काही दिवस खात्यात ठेवून दाखवण्याचा सल्ला दिला होता. आम्ही तो मानला नाही, आणि कोणीच मानू नये, कारण खोटी माहिती किंवा बनावट कागद आढळल्यास अर्ज तर नाकारला जातोच, शिवाय 3 वर्षांपर्यंत दुसरा व्हिसा मिळत नाही.

व्हिसा हाती येईपर्यंत तिकीट काढले नाही. तारीख ठरवली ती वावराकडे पाहून. पऱ्हाटी उपटून झालेली, हरभरा घरात आलेला आणि मृगाच्या पेरणीला अवकाश असलेला असा मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंतचा काळ सोयीचा होता, आणि तोवर दिल्लीच्या धुक्याचे दिवसही सरलेले असतात. नागपूर ते दिल्ली आणि दिल्ली ते मेलबर्न असे एकाच तिकिटावर आरक्षण केले, त्यामुळे सामान नागपूरला दिले ते मेलबर्नलाच घ्यायचे होते. दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात खरी, पण पहिले विमान रखडले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. दिल्लीहून पुढचा प्रवास सलग बारा तासांच्या आसपासचा असल्याने यांच्या गुडघ्यांसाठी व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण ही दोन्ही आधीच नोंदवली. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात उपचारांचा परस्पर करार नाही. तिथल्या दवाखान्याचा खर्च स्वतःलाच करावा लागतो, म्हणून आधीपासूनच्या आजारांचाही समावेश असलेला प्रवास विमा घेतला.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो सामानाचा. लेकीच्या बाळंतपणाला जाणारी आई डिंकाचे लाडू, घरचे तूप, तुरीची डाळ, धने-जिरे आणि सुक्या मिरच्या घेऊन जाणार, हे आपल्याकडे ठरलेलेच. पण यातली एकही वस्तू नेता येत नाही. तांदूळ, हरभरा, तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप आणि सुक्या मिरच्या प्रवाशाच्या सामानातून आणायला तिथे बंदी आहे, आणि तिचे कारण आहे खपरा भुंगेरा. साठवलेल्या धान्याची ही कीड मूळची भारतीय उपखंडातली मानली जाते; तिच्या अळ्या पोत्यांच्या शिवणीत आणि फटींत अन्नावाचून दीर्घकाळ जगतात, आणि एकदा शिरली की तिचा नायनाट करणे फार अवघड असते. तूप आणि पेढे चालत नाहीत ते लाळ्या-खुरकूत रोगामुळे, ज्याची लस आम्ही आमच्या बैलांना टोचून घेतो. ऑस्ट्रेलियात हा रोग 1872 नंतर आलेला नाही. ही यादी पाहून काही नातलग चिडले. मला मात्र नियम मनापासून पटला. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने हिरव्यागार दिसणाऱ्या बोंडांचे काय केले, ते यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने पाहिले आहे. बाहेरून येणाऱ्या किडीला एखादा देश इतका जपून असेल, तर त्याचे मोल आपल्याला कळायला हवे.

तिथल्या कृषी खात्याच्या ‘बायकॉन’ या संकेतस्थळावर प्रत्येक वस्तूचे नियम पाहता येतात. आम्ही बरोबर घेतले ते जुन्या सुती लुगड्यांच्या धुतलेल्या गोधड्या, बाळाची दुपटी, एक लाकडी खुळखुळा आणि आमची औषधे. औषधे 3 महिन्यांपुरती नेता येतात. ती मूळ पाकिटांतच ठेवली आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत घेतली. जोड्यांच्या तळव्यांच्या खाचांत आपली काळी माती दगडासारखी घट्ट बसते. ती जुन्या ब्रशाने आणि गरम पाण्याने काढून, जोडे उन्हात वाळवून पिशवीत बांधले.

विमानात प्रवेशपत्र भरायला देतात. त्यात अन्नपदार्थ, लाकडी वस्तू, बिया, औषधे यांबद्दल प्रश्न असतात आणि गेल्या 30 दिवसांत शेतांशी किंवा शेतातल्या जनावरांशी संपर्क आला होता का, हेही विचारतात. आम्ही शेतावरूनच निघालो होतो; ‘होय’वर खूण केली. ‘होय’ लिहिले की अडकवतील अशी भीती अनेकांना वाटते, पण वस्तू जाहीर केल्याबद्दल दंड होत नाही. फार तर ती ठेवून घेतात. लपवली तर मोठा दंड होतो आणि 2019 पासून पर्यटकाचा व्हिसाही विमानतळावरच रद्द होऊ शकतो. तपासणीला बसलेल्या बाईंनी जोडे उलटे करून तळवे पाहिले, खुळखुळा दिव्याखाली धरून त्याला साल किंवा किडीचे भोक आहे का ते फिरवून फिरवून तपासले आणि दोन्ही परत दिले. डिंक, खारीक आणि डाळी नंतर मेलबर्नच्या डँडेनाँग या उपनगरातील भारतीय दुकानांतून आणल्या आणि लाडू मुलीच्याच स्वयंपाकघरात वळले.

मंजुरीच्या पत्रातल्या अटी जाण्याआधीच नीट वाचाव्यात. ‘वेव्हो’ या त्यांच्या ऑनलाइन सेवेवरही त्या दिसतात. तिथे काम करता येत नाही, आणि 8503 ही अट घातलेली असेल तर तिथे राहून मुदत वाढवून घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद असतो; म्हणून परतीची तारीख मुदतीच्या बरीच आतली घेतली. भावकीतल्या एक-दोघांनी तिथल्या टरबुजाचे बी आणायला सांगितले होते. भारतातही 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार बियाण्यासाठी आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, हे त्यांना फोनवर समजावून सांगितले आणि बी आणले नाही.