ढोल्या गणपतीच्या पाठीमागे

वाईच्या ढोल्या गणपतीला मी लहानपणापासून पाच-सहा वेळा तरी गेले असेन. दर वेळी तेच: रांगेत उभं राहायचं, दर्शन घ्यायचं, घाटावर एक फोटो आणि चला, पुढं निघायचं. या देवळाची मागची बाजू मुद्दाम जाऊन बघायची असते, हे मला या मार्चमध्ये कळलं. तेही घाटावर धुणं धुणाऱ्या एका मावशींमुळे.

मी, आई आणि धाकटा भाऊ, असे तिघं सांगलीहून निघालो होतो. महाबळेश्वरात एक अख्खी दुपार वेण्णा लेकच्या गर्दीत गेली, त्याबद्दल लिहावं असं काही नाही. प्रतापगडावर मात्र बरं वाटलं. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात साताऱ्यातला हा एकच. तटावरून खाली जावळीचं रान बघताना ऊर भरून आला. हा गड मोरोपंत पिंगळ्यांनी बांधून घेतला, हे शाळेतली पोरंही सांगतात. रायगडावर तर पायरीच्या दगडावर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे. बांधणाऱ्याचं नाव असं टिकलं की मला त्या दगडांबद्दल वेगळीच माया वाटते.

दुसऱ्या दिवशी पसरणीचा घाट उतरून वाईत आलो. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे दर्शन झाल्यावर ती घाटाच्या पायरीवर बसून राहिली. मी चपला घेऊन परत येईपर्यंत तिची शेजारच्या मावशींशी ओळखही झाली होती.

"कुठल्या तुम्ही?"

"सांगलीच्या."

"मग आमचंच पाणी की तुमच्याकडं येतंय!"

आई हसली, पण क्षणभरच. सांगलीच्या माणसाला कृष्णेबद्दल असं कुणी सहज बोललं की आत काहीतरी हलतं. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्यानं ५७ फूट ओलांडले. तिथं ४५ फुटांनाच धोका धरतात. आईला होडीतून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून कुठलीही इमारत बघितली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. मावशींनाही तिनं तोच विचारला.

"इथं पाणी कुठवर येतं हो?"

"धोम धरणाचं पाणी सोडलं की ह्या पायऱ्या दिसत न्हाईत. देवळात शिरतंय. पण देवळाला काय होत न्हाई. मागं जाऊन बघितलं का? न्हाई? मग काय बघितलं!"

मी आणि भाऊ मागं गेलो.

पुढून हे देऊळ नेहमीसारखं चौकोनी दिसतं. मागची भिंत मात्र सपाट नाही. दोन्ही बाजू निमुळत्या होत होत एका टोकाला येऊन मिळतात, माशासारख्या. वाईतले लोक तिला मत्स्याकार भिंतच म्हणतात. हे टोक आहे नदी जिकडून येते त्या बाजूला, म्हणजे धोमच्या दिशेला. सपाट भिंत असती तर पुराचा सगळा लोंढा तिच्यावर आदळला असता, वाहत आलेले ओंडके तिला धडकले असते, आणि पाणी तिथंच तुंबून पायाशी भोवरे झाले असते. टोकावर आलेलं पाणी मात्र दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी घसरत पुढं जातं. पुलाच्या दगडी खांबांना प्रवाहाच्या बाजूनं टोक काढतात, तीच ही युक्ती. फक्त इथं ती अख्ख्या देवळाला दिलेली. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधलं १७६२ साली. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा ते नदीच्या काठावर असं अंग तिरकं करून झेलतंय.

मी टोकापाशी उभी राहिले. दोन दगडांच्या सांध्यात एक वाळलेली काडी अडकली होती, तिच्यावर गाळाचा पापुद्रा. माझ्या खांद्याइतक्या उंचीवर. हा गाळ मी ओळखते. आमच्या घरातल्या कपाटांमागून तो वर्षभर निघत होता. त्या काडीला हात लावला आणि रडू आलं. भाऊ काही बोलला नाही.

मग मला आमची कंपाउंडची भिंत आठवली. पुराआधी दोन वर्षं घराच्या मागं नवी बांधून घेतली होती. सरळ, उंच, गुळगुळीत प्लास्टर. पाणी जायला खाली एक भोकसुद्धा ठेवलं नव्हतं. पूर आला तेव्हा ती उभी होती. पाणी उतरायला लागलं, बाहेरचं कमी झालं, आतलं तसंच तुंबून राहिलं, आणि भिंत धाडकन रस्त्यावर आडवी झाली. ज्यानं बांधून दिली तो म्हणाला, एवढ्या पाण्यापुढं कुठली भिंत टिकणार. आम्हीही मान हलवली. तो राग माझ्या मनात इतकी वर्षं नुसता पडून होता, आणि वाईत त्या टोकापाशी उभं राहिल्यावर त्याला तोंड फुटलं. भिंत टिकते. पाणी कुठून येतं हे बघून बांधली की टिकते.

चांगल्या वास्तूचं कौतुक आपण कशावर करतो? शिखर किती उंच, कोरीव काम किती, मूर्ती किती मोठी. या देवळाचं सगळ्यात मोठं काम पाठीमागे आहे आणि तिथं त्या सकाळी आम्ही दोघंच होतो. पुढं रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. रास्त्यांचं नाव राहिलं, राहायलाच हवं, खर्च त्यांनी केला. पण नदीचा रोख ओळखून ज्या गवंड्यानं ती रेघ जमिनीवर आखली, त्याच्या नावाची एक पायरी इथं असती तर मी तिच्यावर डोकं टेकवलं असतं.

आईला मी फोनवर फोटो दाखवले. ती म्हणाली, "फोटोत कळत नाही, मला ने." घाटाच्या बाजूनं, भावाच्या खांद्याला धरून, पंधरा मिनिटं लावून ती तिथवर आली. भिंतीवर तळवा ठेवून उभी राहिली.

वाईत जेवण फार छान झालं, मुक्कामाच्या घरातल्या काकूंनी आग्रह करकरून खरवस वाढला. मेणवलीचा वाडा आणि घाट वेळेअभावी राहिला. परतताना साताऱ्याअलीकडे लिंबची बारामोटेची विहीर मात्र बघितली. वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली. ११० फूट खोल आणि विहिरीच्या पोटात चक्क महाल! शिलालेखापाशी रील काढणाऱ्यांची झुंबड होती. नाव बारामोटेची, पण एका वेळी पंधरा मोटा चालायची सोय तिला आहे. मी मोटांच्या जागा मोजत वरून हिंडले. पाणी उपसायला इतकी माणसं आणि इतके बैल एकमेकांच्या वाटेत न येता कसे चालत असतील, हे कुणीतरी आधी मनात चालवून बघितलं असणार.

सांगलीत शिरलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. आई गाडीत झोपली असेल असं वाटलं होतं. गावभागाच्या वळणावर ती एकदम म्हणाली, "मागची भिंत परत बांधायची ना, तर आधी मला विचारा. पाणी कुठल्या अंगानं आलं ते मी दाखवते."