चौदा ओळींची जागा

छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणाऱ्याला मजकुराशी देणंघेणं नसतं, असा लोकांचा समज. देवनागरीच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, शेकडो खाने. पण रफार, मात्रा, जोडाक्षरं हाताला पाठ झाली की डोकं वाचायला मोकळंच. आम्ही सगळं वाचायचो, उलटं.

डिसेंबर १९७५. पुण्यातल्या एका लहान छापखान्यात आम्ही एक साप्ताहिक काढायचो. आणीबाणीचा सहावा महिना. मुद्रितं आधी सेन्सॉरकडे, मग फर्मा, म्हणजे जुळवून आवळलेली पानं, मशीनवर. त्या अंकात कराडच्या साहित्य संमेलनाचा वृत्तान्त होता. आणीबाणीत तुरुंगात टाकलेले नेते जयप्रकाश नारायण पॅरोलवर सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात, मूत्रपिंडं निकामी झालेली. संमेलनाचे स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्ष दुर्गा भागवतांनी त्यांच्यासमोरच जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. नेमक्या त्याच चौदा ओळींवर लाल पेन्सिल फिरून आली. अधिकाऱ्यानं जाता जाता एक ऱ्हस्वदीर्घही सुधारला होता. बरोबर होता तो, हे जास्त झोंबलं.

ओळी काढणं सोपं. पण पान कोरं ठेवायची बंदी होती. जूनमध्ये इंडियन एक्स्प्रेसनं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हापासून मोकळ्या जागेचीही सरकारला भीती. संपादक म्हणाले, "काहीही कोंबा, साबणाच्या जाहिरातीचा ब्लॉक टाका. वाचणाऱ्याला खटकलं पाहिजे."

मला ते जमेना. फोरमननं हाताखाली घेतल्यापासून एकच शिकवण होती, पान वाकडं दिसता कामा नये. मी चेस, म्हणजे पान आवळून धरणारा लोखंडी साचा, सोडला, खालचा मजकूर वर ओढला, दोन परिच्छेदांत ओळीआड लेड, म्हणजे शिशाची पातळ पट्टी, घातली, मथळ्याखाली थोडा श्वास दिला, खाली नवी पुस्तकं आल्याची एक चौकट बसवली. रात्री दीडला फर्मा पुन्हा आवळला. बोटानं दाबून पाहिलं, एक खिळा हलत नव्हता. इतकी सफाईची भरणी पुन्हा क्वचितच साधली असेल. सांधा मला स्वतःला सापडेना.

सकाळी एक जुने वर्गणीदार आले. "अध्यक्षीण बाई उभ्या राहिल्या, आणि लगेच ठराव? मधे काय झालं?" कराडहून आलेल्यांनी त्यांना सगळं सांगितलेलंच होतं. ते हळू आवाजात बाईंचं कौतुक करत राहिले, मधूनमधून दाराकडे बघत. पुण्यात तेव्हा असं कौतुक पुष्कळ होतं. वर्गणी मात्र वेळेवर भरणारे थोडे.

संपादक माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पान सरळ दिसलं म्हणजे कापणाऱ्याचंच काम मी पुरं केलं, असं त्यांचं म्हणणं. फोरमनचं म्हणणं, वाकडं पान गेलं असतं तर छापखान्याला टाळं लागलं असतं आणि पुढचा अंकच निघाला नसता. मला दोघांचंही पटतं. हिशेबात रात्रपाळीचे दोन रुपये जास्त लागले होते, संपादकांच्याच सहीनं.