वधस्तंभाचा प्रश्न: सुरह निसाची एक आयत आणि पहिल्या शतकातले कागद

इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना निघाली की गाडी लगेच त्रैक्यावर येते. देव एक की तीन, येशू देवाचा पुत्र की अल्लाहचा पैगंबर? यावर हवं तितकं भांडता येतं, पण इतिहासाच्या हातात यातलं काहीच नाही. कुठलंही हस्तलिखित किंवा शिलालेख त्याचा निकाल लावू शकत नाही. एका ठिकाणी मात्र दोन्ही परंपरा एकाच घटनेबद्दल बोलतात आणि, प्रचलित अर्थ घेतला तर, एकमेकींच्या विरुद्ध बोलतात. यहुदियाचा रोमन राज्यपाल पंतय पिलात याच्या कारकिर्दीत (इ.स. २६ ते ३६) येशूला वधस्तंभावर मारलं गेलं का? हा प्रश्न तपासता येतो.

आधी कुराण काय म्हणतं ते पाहू. सुरह निसा, आयत १५७. यहुद्यांपैकी काहींची बढाई सांगितली आहे की ‘अल्लाहचा रसूल, मरियमचा मुलगा मसीह ईसा याला आम्ही ठार केलं’. त्यावर उत्तर येतं: त्यांनी त्याला मारलं नाही, सुळावरही चढवलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं. पुढच्याच आयतीत अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं, असं आहे. बस, इतकंच. वधस्तंभावर दुसरं कोणी होतं का, असल्यास कोण, हे या आयतीत कुठेही नाही. ते सगळं नंतरच्या तफसीरकारांनी, म्हणजे कुराणाच्या भाष्यकारांनी, भरलं आहे. वादविवादाचे व्हिडिओ बघताना हा फरक आधी मनाशी पक्का करावा, कारण निम्मा गोंधळ आयत आणि तिचं भाष्य एकच समजल्यामुळे होतो.

आता दुसरी बाजू. लोक थेट चार शुभवर्तमानांपासून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपासून, सुरुवात करतात, ते चुकतं. घटनेला सर्वांत जवळचा लेखक म्हणजे आरंभीचा ख्रिस्ती प्रचारक पौल. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो सांगतो की आपण यरुशलेमेत जाऊन केफाजवळ, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ, पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. हिशेब केला तर ही भेट इ.स. ३५ ते ३८ च्या आसपास पडते. वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ ची. म्हणजे मयताच्या सख्ख्या माणसाशी बोललेला साक्षीदार, तेही फार तर सात-आठ वर्षांच्या आत. करिंथकरांस पहिलं पत्र साधारण ५४-५५ मधलं. त्याच्या पंधराव्या अध्यायात ‘मला जे मिळालं तेच मी तुम्हांला दिलं’ म्हणत तो चार गोष्टी मोजतो: मेला, पुरला गेला, उठला, दिसला. पौलाच्या आधीपासून तोंडोतोंडी चालत आलेलं हे सूत्र आहे.

शिवाय ही गोष्ट कोणी सोयीसाठी रचावी अशी नाही. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२१:२३) झाडाला टांगलेला देवाने शापित ठरवला आहे. अशा माणसाला मसीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला तारणारा, म्हणून यहुद्यांपुढे उभं करायचं म्हणजे स्वतःच्या हाताने दार बंद करून घेणं. पौल स्वतःच म्हणतो की वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आहे आणि इतरांना मूर्खपणा. ज्या गोष्टीने प्रचाराला खीळ बसते ती प्रचारक मनाने घालत नाहीत.

मार्काचं शुभवर्तमान सुमारे ७० सालचं, मत्तय आणि लूक ८० ते ९० च्या दरम्यानचे, योहान शतकाच्या अखेरचा. यांच्यात विसंगती आहेत, आणि त्या झाकण्यात काही अर्थ नाही. मार्कात येशू शिष्यांसोबत वल्हांडण या यहुदी सणाचं भोजन करतो आणि दुसऱ्या दिवशी मरतो. योहानात वल्हांडणाचं कोकरू कापलं जातं त्याच दिवशी तो मरतो. १६१६ साली राचोलला छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात ही कथा मराठी ओव्यांतून सलग येते, त्यामुळे हे सांधे वाचकाला जाणवत नाहीत. मूळ चारही शेजारी शेजारी मांडून वाचले की लगेच दिसतात. पण दिवसाबद्दल भांडणारे चौघेही मृत्यूबद्दल भांडत नाहीत. तारखेत घोळ आहे म्हणून घटनाच खोटी, हा युक्तिवाद इतर कुठल्याही प्राचीन घटनेला लावून बघा, हाती काही उरणार नाही.

ख्रिस्ती वर्तुळाबाहेरचे दोघे. रोमन इतिहासकार टॅसिटस, सुमारे ११६ साली, ॲनल्सच्या पंधराव्या भागात सम्राट नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीबद्दल लिहिताना सांगतो की ‘ख्रिस्तुस’ नावाच्या माणसाला तिबेरियसच्या काळात पिलाताने देहदंड दिला. हा मजकूर आपल्याकडे फ्लॉरेन्सच्या अकराव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितामुळे आला आहे, आणि त्यात ‘ख्रेस्तियानी’ या शब्दातला ए खोडून इ केल्याची खूण अजून दिसते. टॅसिटसने पिलाताला ‘प्रोक्युरेटर’ म्हटलं. १९६१ साली कैसरियात सापडलेल्या शिलालेखात ‘प्रीफेक्ट’ आहे. म्हणजे त्याने आपल्या काळचं पदनाम मागे लावलं. दुसरा, यहुदी इतिहासकार जोसेफस, याचं प्रकरण वेगळं. ९३-९४ सालच्या त्याच्या ग्रंथाच्या अठराव्या भागातला येशूवरचा उतारा ख्रिस्ती नकलनविसांनी फुगवला आहे, हे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘तो ख्रिस्त होता’ असं एखादा यहुदी सहज लिहून जाईल का? पण विसाव्या भागात याकोबाच्या हत्येची नोंद करताना तो फक्त ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ’ एवढंच म्हणतो, आणि ती ओळख बऱ्यापैकी भक्कम आहे.

रोमन वधस्तंभाबद्दल शंका असेल तर १९६८ चा जेरुसलेमजवळचा शोध बघावा. गिवत हा-मिवतार येथल्या थडग्यातल्या अस्थिपेटीत येहोहानान नावाच्या माणसाचं टाचेचं हाड मिळालं, त्यात आडवा ठोकलेला खिळा तसाच होता. आधी लांबी सतरा-अठरा सेंटिमीटर सांगितली गेली होती; १९८५ च्या फेरतपासणीत ती साडेअकरा निघाली. टोक वाकलं होतं म्हणून तो काढता आला नसावा, आणि म्हणूनच आपल्या हाती लागला. एरवी खिळे काढून पुन्हा वापरले जात, त्यामुळे असे पुरावे फार थोडे मिळतात.

तफसीरकारांकडे परत येतो, कारण खरी मौज तिथे आहे. तबरी (मृत्यू ९२३) एकच कथा देत नाही, अनेक नोंदवतो: कुठे घरातल्या सगळ्याच शिष्यांना ईसाचं रूप दिलं गेलं, कुठे एक शिष्य जन्नतच्या वायद्यावर स्वतः पुढे झाला. पुढच्या परंपरेत पकडायला आलेला माणूसच पकडला गेल्याचीही कथा येते. इतके पर्याय असणं म्हणजेच एकही पक्का माहीत नसणं. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावरचे तफसीरकार फखरुद्दीन राझी या कल्पनेवर जे आक्षेप मांडतात ते आजही कोणीही वाचावेत. एकाचं रूप दुसऱ्यावर टाकता येत असेल तर आपण आपल्या मुलाला ओळखतो यावर तरी भरवसा कसा ठेवायचा? आणि असंख्य लोकांच्या सलग साक्षीवर, म्हणजे तवातुरवर, उभं असलेलं सगळं ज्ञान डळमळेल त्याचं काय? राझी यांची स्वतःची उत्तरंही आहेत, ते परंपरा सोडत नाहीत. पण प्रश्न पुरेसा तीव्रपणे मांडणारा माणूस मुस्लिमच आहे, हे विसरू नये. शियांमधल्या इस्माइली पंथाच्या काही लेखकांनी तर शरीर सुळावर गेलं पण आत्म्याला कोणी हात लावू शकलं नाही, असा अर्थ लावला. तो अर्थ घेतला तर इतिहासाशी भांडणच उरत नाही.

‘येशू सुळावर मेलाच नाही ही कल्पना कुराणाने पाखंडी ख्रिस्त्यांकडून उचलली’ असं ख्रिस्ती वक्ते ठोकून देतात. अलेक्झांड्रियाचा बासिलिदीस दुसऱ्या शतकात म्हणत होता की येशूऐवजी त्याचा वधस्तंभ वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला सुळावर दिलं गेलं, असं त्याच शतकातला बिशप इरेनियस नोंदवतो. साम्य खरं आहे. पण तिथून सातव्या शतकातल्या अरबस्तानातल्या हिजाझपर्यंतचा रस्ता कोणी दाखवलेला नाही. साम्य दिसलं म्हणजे नक्कल सिद्ध झाली, असं होत नाही.

मुस्लिम बाजूची तितकीच ठळक चूक म्हणजे बर्नबाचं शुभवर्तमान. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योतच सुळावर गेला असं त्यात आहे, म्हणून ते वारंवार पुढे केलं जातं. त्याचं इटालियन हस्तलिखित व्हिएन्नात आहे, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. आतला मजकूर बघा: येशू गालील समुद्रातून जहाजाने नासरेथला पोहोचतो, नासरेथ डोंगरात आहे. त्याच्या जन्मावेळी पिलात राज्यपाल आहे. पिलात २६ साली आला. योबेल, म्हणजे कर्जमाफी आणि मुक्ततेचं पवित्र वर्ष, शंभर वर्षांनी येतं असं हा ग्रंथ म्हणतो. बायबलमध्ये ते पन्नासावं आहे, शंभराची प्रथा पोप बोनिफास आठवा याने १३०० साली काढली आणि १३४३ मध्ये ती पन्नासावर आली. सगळ्यात मोठी गंमत, त्यातला येशू ‘मी मसीहा नाही’ म्हणतो. कुराण त्याला पुन्हा पुन्हा मसीह म्हणतं! हा ग्रंथ हाती घेतला की आपलीच बाजू बुडते.

अहमदिया पंथाची मांडणी तिसरी: पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांच्या मते ईसा सुळावर चढवले गेले पण तिथे मेले नाहीत, पुढे काश्मीरला आले, आणि श्रीनगरच्या खानयारमधली रोजाबल ही त्यांची कबर. ईसा सुळावर फक्त बेशुद्ध झाले होते याचा घटनेच्या आसपासचा कोणताही प्राचीन पुरावा नाही आणि मुख्य प्रवाहातले मुस्लिमही हे मानत नाहीत.

ख्रिस्ती वक्ते घसरतात ते पुढच्या पायरीवर. नव्या कराराची हजारो ग्रीक हस्तलिखितं आहेत हे खरं, त्यांत मँचेस्टरचा पपायरस ५२ हा जेमतेम ८.९ बाय ६ सेंटिमीटरचा तुकडा, योहानाच्या अठराव्या अध्यायातला, नेमका येशू आणि पिलात यांच्या संभाषणाचा. त्याने इतकंच कळतं की तो मजकूर लवकर नकलला जात होता. मजकुरातली घटना घडली का, हे हस्तलिखितांच्या संख्येने ठरत नाही. आणि मृत्यू सिद्ध झाला म्हणून पुनरुत्थानही सिद्ध झालं, हे तर मुळीच नाही. करिंथच्या त्याच सूत्रातल्या ‘मेला’पाशी इतिहासाची साधनं चालतात, ‘उठला’पाशी थांबतात.

स्वतः तपासायचं असेल तर गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा, मग मार्क १४ ते १६ आणि सुरह निसाच्या १५३ ते १५९ या आयती, याच क्रमाने वाचाव्यात. मार्कात १६:८ च्या पुढचा भाग सिनाई आणि व्हॅटिकन या चौथ्या शतकातल्या प्रतींत नाही, ते लक्षात ठेवावं. निसाच्या १५९ मध्ये ‘त्याच्या मृत्यूपूर्वी’ म्हणजे ईसाच्या की त्या त्या ग्रंथधारकाच्या (यहुदी वा ख्रिस्ती माणसाच्या), यावर जुन्या तफसीरकारांतही एकमत नाही. ईसाच्या घेतलं तर तो परत येऊन मरणार ही श्रद्धा तिथून निघते.