चाळणीवर राहिलेला पुंजका

गव्हाची मुळं मातीतून धुऊन मोजली, लांबीची बेरीज मांडून झाली आणि मग दिसलं. चाळणीच्या कडेला पांढऱ्या तंतूंचा एक पुंजका चिकटलेला. गव्हाच्याच मुळांचा. मोजणीत आलाच नाही. तेव्हापासून मन तिथेच अडकलंय.

चूक कुठे झाली ते कळतंय. मातीचा ठोकळा रात्रभर कॅलगॉनच्या, म्हणजे मातीचे कण सुटे करणाऱ्या रसायनाच्या, पाण्यात राहायला हवा होता, चिकणमाती आपसूक सुटली असती. घाईने ढेकूळ हातानेच फोडलं. असं फोडलं की बारीक फाटे तुटतात, आणि मुळांची लांबी सगळी त्यांच्यातच. जाड मुळं भरतात ती वजनात. त्यात पाण्याची धारही जोराची. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून काय काय वाहून गेलं असेल... पाठ भरून आलीय, ते वेगळंच. पानांचे फोटो सगळे मागतात, मुळांबद्दल कुणी विचारत नाही.

दिवसभर मुळांचे अभ्यासक पावलिचेंको आठवत राहिले. युक्रेन सोडून आलेले. कॅनडातल्या सस्कॅटूनच्या विद्यापीठात, १९३०च्या दशकातल्या त्या दुष्काळी, धुळीच्या वर्षांत, पिकाची आणि जंगली ओट या तणाची मुळं मातीतून अख्खी सोडवत होते. झाडाभोवती चर खणायचा, मातीचा ठोकळाच्या ठोकळा काढायचा, हलक्या पाण्याने धूत राहायचं. १९३७ साली ही पद्धत त्यांनी छापली. आता १ सेंमीच्या चौकटींवर मुळं पसरायची, रेघांना किती ठिकाणी छेदतात ते मोजायचं आणि ०.७८६ने गुणायचं, की लांबी सेंमीत मिळते. हे सूत्र १९७५चं. त्यांच्या हाताशी ते नव्हतं.

आणि १९३४चा, सहकारी हॅरिंग्टन यांच्याबरोबरचा निबंध! पीक आणि तण यांची झुंज जमिनीखाली आधी जुंपते, मुळं एकमेकांच्या ओलाव्यात शिरली की. सावलीची भांडणं नंतरची. बार्ली तणाला पुरून उरते, जवस मार खातो. ओलावा आधी कोण गाठतं यावर सगळं. आणि तो गाठतात ते हेच, या पुंजक्यातले तंतू. म्हणून तर जिवाला लागलंय.

पण पावलिचेंकोंच्याही हातून तुटले असतीलच. धुतलेल्या मुळांचा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो, कितीही जपलं तरी. हे पटायला संध्याकाळ झाली.

पुंजका काळ्या ट्रेमध्ये पाण्यावर सोडला. पांढरे, लवचिक ते जिवंत; तपकिरी, चिमट्यात मोडणारे ते गेल्या हंगामातले, ते बाजूला. उरलेले निम्मं पाणी, निम्मं अल्कोहोल अशा मिश्रणात घालून फ्रीजमध्ये ठेवलेत. उद्या मोजायचे. जुन्या बेरजेत मिसळणार नाही. वहीत त्यांच्यासाठी वेगळा रकाना आखलाय, 'तुटलेली'.