तडा वेल्डिंगात नव्हताच

रामटेककडच्या एका गिऱ्हाइकाची बुलेट माझ्या वेल्डिंगच्या शेडमध्ये आली तेव्हा बेंड पाइपवर (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळीवर) वेल्डिंगचे थरच थर चढलेले होते. गाडी यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), कार्ब्युरेटरवाली, ३४६ सीसी. तिला कोणीतरी स्क्रॅम्बलर पद्धतीचा, वर उचललेला स्टेनलेस पाइप बनवून दिला होता. तो फ्लॅंजपासून (पाइप इंजिनाला नटांनी कसणाऱ्या चपट्या कड्यापासून) साधारण १५ मिमीवर तडकायचा. भरून घेतला की काही दिवस चालायचा, मग पुन्हा त्याच थराच्या कडेला नवा तडा.

“भाऊ, काहून तडकते हे दरवेळी? या वेळी वेल्डिंग जाड मारून द्या ना.”

जाड मारणं हाच तिथला रोग वाढवणारा उपाय होता. पातळ पाइपवर जाड थर चढला की तेवढा भाग ताठ होतो आणि इंजिनाची सगळी थरथर थराच्या कडेवर येऊन थांबते. नवा तडा तिथूनच सुटतो. शिवाय एकच जागा वारंवार तडकत असेल तर वेल्डिंगच्या टाक्याला दोष देण्याआधी पाइपवर ताण कुठून येतो ते बघायचं असतं.

म्हणून फ्लॅंजच्या नटांना हात न लावता मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट आधी ढिला केला. शेवटचा आटा सुटला तसा पाइप खटकन बाहेर उडाला आणि भोकापासून ७ मिमी लांब जाऊन थांबला. म्हणजे बसवणाऱ्याने पाइप पहारीने ओढून बोल्टात अडकवला होता. पुढे फ्लॅंज पक्की, मागे ब्रॅकेट पक्कं, मध्ये रबर नाही आणि सरकता जोडही नाही. यूसीईचं इंजिन फ्रेमला थेट कसलेलं असतं, त्यामुळे एका मोठ्या सिलिंडरचा प्रत्येक धक्का या आधीच ताणलेल्या पाइपला बसत होता.

त्यात उष्णतेची भर. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस दर मीटरला दर अंशाला सुमारे १७ मायक्रॉन वाढतं, साधं लोखंड १२. इंजिनाच्या हेडपासून ब्रॅकेटपर्यंत ७०० मिमी पाइप सरासरी ४०० अंशांनी तापला, तर तो जवळजवळ पावणेपाच मिमी लांब व्हायला बघतो. त्याला जायला जागा नसेल तर तो वाकतो, आणि वाकण्याचा सगळा जोर फ्लॅंजजवळच्या पहिल्या टाक्यावर येतो. स्टेनलेस भारी म्हणून लावलं, पण ते जास्त वाढतं हे मोजलंच नाही, हा प्रकार फार दिसतो.

मग जोड मधोमध कापला. आतल्या बाजूला करपलेल्या साखरेसारखा काळा, खरबरीत थर. आर्गन (तापलेल्या धातूला हवा लागू न देणारा वायू) फक्त वेल्डिंगच्या टॉर्चमधून दिला आणि पाइपच्या आत हवाच राहिली, की तापलेल्या मुळाशी क्रोमियमचं ऑक्साइड होतं आणि असा फेस येतो. बाहेरून टाका चकचकीत दिसतो, आत मात्र खाचाच खाचा, आणि प्रत्येक खाच म्हणजे तड्याची सुरुवात.

धातूचीही शंका होती. चुंबक लावून इथे काही कळत नाही, कारण ३०४ आणि स्वस्तातलं २०२ या दोन्ही स्टेनलेसना तो धरत नाही (वाकवलेल्या जागी ३०४ किंचित धरतं, त्यावरूनही फसायला होतं). मॅंगनीज तपासायचं किट असतं: द्रावणाचा थेंब टाकून बॅटरीचं टोक टेकवायचं. थेंब लाल झाला. मॅंगनीज जास्त, म्हणजे २०० मालिकेचं स्टील, बहुधा २०२. जिन्याच्या रेलिंगला लावतात तो पाइप. जाडी जेमतेम १ मिमी. असा पाइप डागडुजी करत बसण्याच्या लायकीचा नसतो. नवाच करायचं ठरलं.

नव्यासाठी ३०४ चा ३८ मिमी बाहेरच्या व्यासाचा, १.२ मिमी जाडीचा ट्यूब घेतला. नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत असा माल घ्यायला गेलात तर व्हर्नियर खिशात ठेवा, १.२ सांगून १ मिमी गळ्यात मारतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. मोठी वळणं तयार मॅन्ड्रेल बेंडची (आत आधार ठेवून, न चेपता वाकवलेली) घेतली. हल्ली दिसायला भारी म्हणून अख्खा पाइप पाय-कटचा (पाचरीसारख्या चकत्या कापून जोडलेला) मागतात, मला ते पटत नाही. जितके जोड जास्त, तितक्या चुकण्याच्या जागा जास्त. जिथे तयार बेंड बसतच नाही तिथेच चकत्या कापाव्यात. इथे हेडमधून निघाल्या निघाल्या फ्रेमच्या नळीला वळसा घालायचा होता, तेवढंच पाय-कटने केलं. हिशेब असा: ३८ मिमी पाइप, मध्यरेषेची त्रिज्या ५७ मिमी, ९० अंशांना ९ अंशांच्या १० चकत्या. कटरचा कोन ४.५ अंश, प्रत्येक कापानंतर पाइप १८० अंश फिरवायचा. चकती बाहेरच्या बाजूला १२ मिमी आणि आतल्या बाजूला ६ मिमी भरली की बरोबर. कटरच्या पात्याची जाडी कापात जाते ती वेगळी धरायची. प्रत्येक चकतीच्या पाठीवर कापण्याआधीच मार्करची सरळ रेघ मारून ठेवावी, नाहीतर जोडताना वळणाला पीळ पडतो.

आखणीसाठी ४ मिमीची तार हेडपासून सायलेन्सरपर्यंत पाइपच्या मध्यरेषेवरून वाकवून घेतली. फ्रेमपासून किमान १० ते १२ मिमी आणि वायर-रबरपासून २५ मिमी अंतर. हे अंतर गाडी स्टॅंडवर असताना मोजून उपयोग नाही. माणूस बसवून, मागचं सस्पेन्शन दाबून आणि ब्रेकचं पेडल पूर्ण खाली नेऊन बघायचं. टॅक (तात्पुरते ठिपक्याएवढे टाके) गाडीवरच मारले, प्रत्येक जोडाला समोरासमोर चार. त्याआधी बॅटरी सोडायची आणि अर्थिंगचा चिमटा थेट पाइपलाच लावायचा. फ्रेमला किंवा इंजिनाला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.

पूर्ण वेल्डिंग टेबलावर. मे महिना, पारा ४५ च्या आसपास, टिनाचं शेड, आणि कूलर बंद. इलाज नाही, कूलरचा झोत टॉर्चपर्यंत आला की आर्गनचं आवरण उडतं आणि टाक्याला भोकं पडतात. पंखासुद्धा नको. आधी ॲसिटोनने पुसणं, आतूनही. क्लोरीनवाला ब्रेक-क्लीनर इथे कधीच वापरायचा नाही. आर्कमुळे त्याच्या वाफेचा फॉस्जीन होतो, तो विषारी आहे.

पाइपची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम फॉइलने बंद केली. आर्गन हवेपेक्षा जड, म्हणून खालच्या तोंडातून आत सोडायचा आणि वरच्या फॉइलला ३ मिमीचं भोक ठेवायचं. उघड्या फटी असतील त्या उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकायच्या आणि टाका पुढे सरकेल तशी टेप काढत जायची. ९०० मिमी पाइपचं आतलं आकारमान जेमतेम ९०० मिली. मिनिटाला ५ लिटर वायू मिनिटभर सोडला की आतली हवा पाच-सहा वेळा बदलते, पण मी दोन मिनिटं थांबतो. शेवटचा टाका बंद करताना प्रवाह ३ लिटरवर आणायचा, नाहीतर आतल्या दाबाने वितळलेला धातू बाहेर फुगतो आणि तिथेच भोक पडतं. टॉर्चला ८ लिटर, टॉर्चच्या टोकाची टंगस्टनची कांडी १.६ मिमी, ४० ते ४५ ॲम्पिअर, भरायची तार ३०८ एल ग्रेडची. तुकडे छोटे, आळीपाळीने समोरासमोर. टाका सोनेरी आला तर ठीक. राखाडी आला तर उष्णता जास्त किंवा वायू कमी.

खरा बदल दोन टोकांना होता. पुढची फ्लॅंज पाइपला जोडलीच नाही. लेथवर ६ मिमी जाडीची कॉलर करून घेतली, ती पाइपच्या तोंडाला जोडली आणि ८ मिमीची फ्लॅंज तिच्यामागे मोकळी ठेवली. कॉलर हेडच्या खाचेपेक्षा अर्धा मिमी लहान, फ्लॅंजचं भोक ३८.५ मिमी. फ्लॅंज फिरू शकते, त्यामुळे दोन स्टडांशी जुळवताना पाइपला पीळ बसत नाही. फ्लॅंज मात्र कॉलर जोडायच्या आधी पाइपात ओवायला विसरायचं नाही. सायलेन्सरच्या अलीकडे सरकता जोड दिला: पुढचा पाइप मागच्या, आतून ३८.३ मिमीच्या नळीत ४५ मिमी आत, दोन बाजूंना दोन स्प्रिंगा. पुढचाच पाइप आत जायला हवा. उलट केलं तर वायू कडेवर आपटतो आणि फटीतून काजळी येते. मागचं ब्रॅकेट रबरी बुशवर.

बसवताना सगळे नट हाताने लावले, पाइप आपोआप आपल्या जागी येतो का ते पाहिलं, मग फ्लॅंज आळीपाळीने कसली आणि मागचा बोल्ट सर्वांत शेवटी. ब्रॅकेटचं भोक आणि बुश बोटाने जुळत नसेल तर ब्रॅकेट कापून पुन्हा लावायचं, पाइप ओढायचा नाही. गॅस्केट नवं. गळती बघायला मागून ब्लोअरची हवा सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी. सरकत्या जोडाला थोडे बुडबुडे येतात, फ्लॅंजला एकही चालत नाही.

गिऱ्हाइकाला सायलेन्सरमधली जाळी काढून हवी होती. ते मी करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि धुराच्या मर्यादा मोडल्याबद्दल पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि कलम ५२ मूळ बनावटीत फेरफार करायला बंदी घालतं. हा वर उचललेला पाइप शेताच्या वाटांवर चालवण्यापुरता. मूळचा पाइप आणि सायलेन्सर त्याच्या घरी जपून आहेत, रस्त्यावर जाताना ते लावायचे, हे आधीच ठरलं होतं.

पहिल्यांदा इंजिन तापवण्याआधी पाइप पुन्हा ॲसिटोनने पुसला, कारण बोटांचे तेलकट ठसे एकदा भाजले की निघत नाहीत. पूर्ण तापवून, थंड होऊ देऊन फ्लॅंजचे नट परत कसले. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात दबतं आणि नट ढिले पडतात. तरी आठवड्याने फोन आला, “भाऊ, पाइप पिवळा-निळा पडला.” पहिल्या बेंडवर तो पडणारच. तो ऑक्साइडचा पातळ थर आहे, धातूला त्याने काही होत नाही. रोज पॉलिश पेपर मारू नका, साबणाच्या पाण्याने धुवा, आणि महिन्यातून एकदा स्प्रिंगांचे हुक झिजलेत का तेवढं बघा, असं सांगितलं.