परड्याची राखण

भुंकणाऱ्या कुत्र्याची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती पाठ फिरवून बसलेल्या कुत्र्याची. परवा दुपारी भांडी पालथी घालून मागच्या दारी आले, तेव्हा कुंपणापलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये, गाजरगवताच्या सावलीला, एक पिवळसर कुत्रे आमच्या परड्याकडे पाठ करून पहुडले होते. तोंड रस्त्याकडे, शेपूट मातीत, आणि एकंदर आविर्भाव असा की कोंबडी नावाचा पक्षी या जगात आहे हे त्याला आजवर कोणी सांगितलेलेच नाही. एक कान तेवढा आमच्या बाजूला होता. आमच्या तांबडी कोंबडीने पाय मारून पाचोळा उसकटला की तो कान वळे, आणि ती थांबली की पुन्हा जागेवर येई. मी मोठ्याने "हाड!" म्हटले, तेव्हा ते सावकाश उठले, त्याने आळस दिला, चार पावले पुढे सरकले आणि पुन्हा तसेच पाठ करून बसले.

कोंबड्या पाळणाऱ्या माणसाला या पाठीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुपारी पाहणी होते आणि पहाटे, माणसे साखरझोपेत असताना, काम होते.

आमचे घर कोल्हापुरात, कळंबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला ऊस होता. मग बंगले झाले आणि आता एकेका बंगल्याच्या जागी अपार्टमेंट उभे राहू लागले आहे. अशा वस्तीत कोंबड्या कशासाठी, कोपऱ्यावरच्या दुकानात अंडी मिळत नाहीत का, असे घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि जाताना पिशवीत घातलेल्या गावरान अंड्यांना कोणीही नको म्हणत नाही. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही. सकाळी खुराड्याचे दार उघडल्यावर त्या ज्या घाईने बाहेर पडतात, ती घाई पाहायला मला आवडते, एवढेच.

सध्या परड्यात गावरान कोंबड्या आहेत आणि हौसेने आणलेल्या गिरिराजच्या दोन. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात परसातल्या पालनासाठी तयार झालेली जात, अंगाने भरलेली आणि वजनदार. त्यामुळे तिला लांब उडता येत नाही. कुत्र्याची चाहूल लागताच गावरान कोंबडी कलकलाट करीत भिंतीवर आणि भिंतीवरून पेरूच्या झाडावर जाते. गिरिराज तो कलकलाट ऐकून आधी मान वर करते, इकडेतिकडे पाहते आणि मग काय करावे याचा विचार करू लागते. कुत्र्याला तेवढा विचार पुरतो. झाडावर जाणे हा मुळात रानकोंबड्याचा स्वभाव आणि गावरान कोंबडीने तो अजून सोडलेला नाही. आमच्या जिल्ह्यात दाजीपूरच्या जंगलात राखी रानकोंबडा आहे. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचा जनुक या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसून आले. ते वाचल्यापासून तांबडीच्या पिवळ्या पायांकडे मी जरा आदराने पाहते. तिची सोयरीक माझ्या आजोळच्या जंगलात आहे.

कुत्रे भुकेपोटी कोंबडी मारते असे ज्यांना वाटते, त्यांनी कुत्रे शिरून गेलेले परडे पाहिलेले नसावे. घार पिल्लू उचलते, मुंगूस एक कोंबडी ओढून नेते, रानमांजरही आपल्यापुरतेच पाहते. कुत्रे मात्र जोपर्यंत समोर काही फडफडते आहे तोपर्यंत थांबत नाही, आणि सगळे शांत झाले की बहुधा काहीही न खाता निघून जाते. खाण्याची त्याला गरजच नसते. आमच्या भागातली कुत्री चिकनच्या दुकानांमागे टाकलेल्या पिसा-आतड्यांवर आणि रात्री चिकन सिक्स्टी फाइव्हच्या गाड्यांभोवती पडलेल्या हाडांवर चांगली पोसलेली आहेत. वाचलेल्या कोंबड्यांचे हाल निराळेच. अंगावर ओरखडा नसतो, पण त्या कोपऱ्यात बसून राहतात, दाणा टिपत नाहीत आणि कितीतरी दिवस अंडे देत नाहीत.

त्यामुळे जाळी. या विषयावर मी न विचारता बोलू लागते अशी घरात तक्रार आहे, तरीही बोलते. बाजारात कोंबडी जाळी म्हणून जी षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवायला पुरते, कुत्र्याला बाहेर ठेवायला पुरत नाही; अंगाने जाड कुत्रे दोन-तीन वेळा आदळले की ती वाकते आणि एक तार तुटली की पुढचे काम दातांचे. जाड तारेची, चौकोनी घरांची वेल्डमेश जाळी महाग पडते, पण ती एकदाच घ्यावी लागते. लोक जाळीच्या उंचीचा फार विचार करतात आणि बुडाकडे पाहत नाहीत. कुत्र्याचा भर चढण्यापेक्षा उकरण्यावर असतो, आणि पावसाळ्यातल्या आमच्या काळ्या मातीत त्याला वेळही लागत नाही. यावरचा उपाय असा, की जाळीचा दीड-दोन फुटांचा पट्टा बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवा अंथरायचा, तो उभ्या जाळीला बांधून टाकायचा आणि वर फरशीचे तुकडे दाबून ठेवायचे. कुत्रे नेमके कुंपणाच्या बुडाशी उकरू लागते, नखांना तार लागली की हातभर बाजूला सरकून पुन्हा बुडाशीच उकरते. दोन फूट मागे जाऊन तिथून सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. (माणसाला सुचले असते, म्हणून चोरांसाठी ही युक्ती कामाची नाही.) दाराची नुसती कडी नाकाने ढकलून उघडते, तेव्हा कडीत खिळा हवा. आणि खुराड्याची रस्त्याकडची बाजू पत्र्याने बंद हवी, कारण कोंबडीला अंधारात दिसत नाही आणि बाहेर नुसती झटापट ऐकूनही त्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढतात. खालच्या गुदमरतात, कुत्रे आत न येताच.

या सगळ्या जाळीच्या आधी आमच्याकडे सासूबाई होत्या. जेवणे झाली की त्या मागच्या पायरीवर सूप घेऊन बसत. तांदूळ निवडणे, लसूण सोलणे, शेंगा फोडणे असे काही ना काही हातात असे आणि उजव्या हाताशी त्यांचे पायताण काढून ठेवलेले असे. ते फेकण्याची वेळ क्वचितच येई. एकदा त्यांनी ते खरोखर भिरकावले, तर नेम चुकला आणि कुत्रे ते तोंडात धरून पळाले. नव्या कोऱ्या कोल्हापुरी पायताणाचा एकच पाय उरल्याचे दुःख त्यांनी पुढे कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवले. मी तेव्हाही जाळीचा विषय काढला होता. त्या म्हणाल्या, "जाळीला कुत्रं भीत न्हाई गं. माणूस बसलंय का न्हाई, एवढंच बघतंय ते." त्या गेल्या, आम्ही दोघे नोकरीवर, मुलगी कॉलेजात, आणि घराला सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत कुलूप. त्या पावसाळ्यात आमचे खुराडे एकदा पुरते रिकामे झाले. आता आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांना दिवसा कुलूप असते. गल्ली दुपारी कुत्र्यांच्या ताब्यात असते आणि ती तिची राखणही करतात. अनोळखी माणूस आला तर भुंकून दमतात.

माझ्या आजोळी, राधानगरीच्या बाजूला, खुराडा सोप्याच्या कट्ट्यातच बांधलेला होता. दगडी कट्ट्याला खाली एक चौकोनी तोंड, आत अंधार आणि उबट वास, आणि तोंडाला लावायला एक फळी व फळीला टेकवायला एक धोंडा. दगड उकरणारे कुत्रे अजून जन्मायचे आहे. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून आत जात, तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, तेवढ्या रेंगाळत, आणि मग आजी गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपून त्या मोजी. तिला आकडा सांगावा लागत नसे. "पांढरी आली न्हाई" एवढेच ती म्हणे आणि आम्ही पोरे बॅटरी घेऊन गोठ्यामागे पळत असू. घरात कुत्रेही होते. ते पिल्लू असताना आजीने त्याला उचलून, नुकत्याच पिल्ले घेऊन बाहेर पडलेल्या कोंबडीपुढे नेऊन सोडले. आम्हाला वाटले, आता कोंबडीची पिल्ले संपली. कोंबडी फुगून दुप्पट झाली, पंख जमिनीला लावून तिरकी चालत आली आणि तिने त्या पिल्लाच्या नाकावर अशी चोच मारली की ते केकाटत शेणकईत जाऊन पडले. पुढे ते चांगले दांडगे कुत्रे झाले, रात्री कोल्ह्याच्या मागे धावून जाई. पण अंगणात कोंबडी दाणे टिपत असली तर पाणी प्यायलासुद्धा वळसा घालून जाई. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याच्या नाकावर त्या वयात कोण चोच मारणार?

पिवळ्या कुत्र्याचा विषय निघाला की गल्लीत सल्ले मिळतात. एकाने विषाचा सल्ला दिला. त्याच्याशी मी पुढे बोलले नाही. १९६० च्या प्राण्यांच्या छळप्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे हे खरे, पण कायदा नसता तरी बोलले नसते. दुसऱ्याने सांगितले, की कुत्री पकडणारी गाडी बोलावून उचलून न्यायला सांगा. गाडी येतेही, परंतु २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्याची नसबंदी करून, लस टोचून, त्याला जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. कानाला खाच पाडलेले तेच कुत्रे त्याच गाजरगवतात परत येते, आणि ते योग्यच आहे, कारण पिसाळण्याचा धोका कमी होतो. मात्र कोंबड्यांविषयीचे त्याचे मत शस्त्रक्रियेने बदलत नाही. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात बारा लाखांहून अधिक भटकी कुत्री मोजली गेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या कुत्र्यांविषयी आधी एक आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत तो बराच बदलला, तेव्हा आमच्याकडे कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर कुत्र्यांच्या बाजूचा आणि विरुद्धचा असे दोन तट पडले होते. मी दोन्ही तटांना अंडी देते.

समोरच्या काकू कुत्र्यांच्या तटातल्या. रोज संध्याकाळी चपात्यांचे तुकडे दुधात कालवून त्या आमच्याच फाटकासमोर ठेवीत, कारण तिथे सिमेंटची सपाट जागा आहे. कुत्री अर्धा तास आधीपासून येऊन बसत, आणि वाट पाहताना त्यांना पाहायला समोर आमच्या कोंबड्या असत. मी एकदा जाऊन सांगितले, तर म्हणाल्या, "अहो, पोट भरलं की ती कुणाच्या वाटेला जात नाहीत." वाद घातला नाही. खायला घालण्याची जागा ठरवून घ्यावी असे नियमातही आहे, एवढे सांगून मी विनंती केली, की थाळी गल्लीच्या टोकाला न्यावी आणि कोंबड्या आत गेल्यावर, दिवे लागल्यानंतर ठेवावी. त्यांनी दोन दिवस राग धरला आणि तिसऱ्या दिवशी थाळी हलवली. मला वाटते, माझ्या महागड्या जाळीपेक्षा त्या थाळीच्या हलण्याने अधिक काम झाले आहे.

आषाढ आला की मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून पी-ढबाक वाद्यांच्या तालावर नदीचे नवे पाणी त्र्यंबोली देवीच्या टेकडीकडे जाते, घरोघर रस्सा शिजतो, आणि माझे यजमान परड्याकडे पाहू लागतात. ती त्यांची पाहण्याची तऱ्हा त्या पिवळ्या कुत्र्यापेक्षा फार वेगळी नसते, फक्त ते पाठ करून बसत नाहीत. मी त्यांना पैसे देऊन बाजारात पाठवते.

परवाच शेजारच्या बंगल्याचा करार झाला, आणि त्या निमित्ताने बिल्डरचा माणूस आमच्याकडेही नकाशा घेऊन येऊन गेला. दोन फ्लॅट, वर काही रक्कम, लिफ्ट, सगळे नीट समजावून सांगत होता. परड्याच्या जागी काय येईल, असे मी विचारले, तर पार्किंग म्हणाला. कोंबड्यांचे नाव काढल्यावर त्याला हसू आवरेना. "कोंबड्या सोसायटीत चालणार नाहीत, मॅडम," तो म्हणाला, "कुत्रं पाळायचं असलं तर बिनधास्त पाळा." यजमानांनी नकाशा ठेवून घेतला आहे. मी अजून काही बोललेले नाही.