सावद्याचे केळीवाले कॅरिबियन क्रूझवर

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या सावद्यात क्रूझ म्हटलं की लोकांना गोव्याची मांडवी आठवते. तासाभराची बोट, चार गाणी आणि परत. त्यामुळे "आठवडाभर बोटीत बसून करता तरी काय?" हा प्रश्न आम्हाला निघण्याआधीही विचारला गेला आणि आल्यावरही. भजनी मंडळात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर सगळीकडे तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मुलगा अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने आणि सुनेने परस्पर आठवडाभराच्या कॅरिबियन क्रूझचं बुकिंग करून टाकलं. मी जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेली, मला कुठेही चालतं. अडचण होती ह्यांची. ह्यांना घरीदारी सगळे नाना म्हणतात, मीही इथे तेच लिहिते. नानांची केळी. ऐन थंडीत बाग सोडून जायचं म्हणजे चरका, म्हणजे थंडीचा फटका, बसायची भीती, त्यात पावसाळ्याच्या तोंडाला लावलेली मृगबाग निसवणीला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली. "कायले जायाचं? समुद्रात काय पेरेल हाये?" हे त्यांचं म्हणणं. शेवटी सालदाराने, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याने, रोज बागेचा व्हिडिओ पाठवायचा आणि जहाजावर वायफाय घ्यायचं, या दोन अटींवर गाडी रुळावर आली. वायफायचे पैसे वेगळे पडतात आणि ते स्वस्त नाही. पण नानांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी बऱ्हाणपूर आणि रावेरचा केळीभाव येतो, तो चुकला तर माणसाला चहा गोड लागत नाही. मोबाईल मात्र मुलाने आधीच एअरप्लेन मोडवर टाकून दिले होते. जहाजाचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं, फोन आपोआप त्याला चिकटला तर बिल बघून घेरी येते म्हणाला.

जहाज टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनहून सुटतं. जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासावी. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा, कारण बंदर सोडलं की तुम्ही देशाबाहेर पडलात, परतताना पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. दुसरं म्हणजे, बॅगा बंदरावरच हमालांच्या ताब्यात जातात आणि खोलीच्या दारात यायला संध्याकाळ होते. बीपीच्या गोळ्या, चष्मा आणि एक जोड कपडे खांद्याच्या पिशवीत ठेवावेत.

निघायच्या आधी सगळ्यांना आपापली आणीबाणीची जागा दाखवतात आणि भोंगा ऐकवतात. सात छोटे आणि एक लांब. नानांनी लाइफ जॅकेटवरच्या सगळ्या सूचना मला मोठ्याने वाचून आणि मराठीत समजावून सांगायला लावल्या. फवारणीच्या औषधाची बाटलीसुद्धा ते अशीच वाचतात, पूर्ण.

गॅल्व्हस्टनचं पाणी बघून माझा विरसच झाला. गढूळ, मातकट. मोठमोठ्या नद्यांचा गाळ तिकडे येतो. रात्री तेलविहिरींचे दिवे लांबवर दिसत राहिले, जणू समुद्रातच गाव वसलंय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीचं दार सरकवलं आणि पाणी निळंशार झालेलं. खोल समुद्रातल्या पाण्यात गाळ नाही आणि सूक्ष्म वनस्पतीही फार थोड्या, म्हणून ते इतकं निळं दिसतं. शाळेत कितीदा शिकवलंय, पण शिकवताना असा रंग कधी डोळ्यांपुढे आला नव्हता. बाल्कनीसाठी सुनेने हट्ट धरला होता. आतल्या खोल्या बऱ्याच स्वस्त असतात, पण तिथे खिडकी नाही, दिवा घालवला की रात्र आहे की दिवस हेच कळत नाही. आमच्या वयाच्या माणसांनी तिथे पैसे वाचवू नयेत असं माझं मत.

खाण्याबद्दल लोक फार विचारतात. भरपूर आहे, नको इतकं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत बफे, शिवाय रात्री टेबलावर बसून जेवण. आम्ही शाकाहारी. पहिल्या रात्री पास्ता आणि उकडलेल्या भाज्या खाऊन नाना गप्प झाले. ते गप्प झाले की मला कळतं. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलाचा वाढपी बदलला, त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नावाखाली 'इंडिया' लिहिलेलं. मी सहज मराठीत म्हटलं, "कुठला रे बाळा तू?" तर पोरगं राजापूरकडचं! "काकू, आदल्या दिवशी सांगून ठेवलं की इंडियन व्हेज करून देतात, तुम्ही सांगितलंच नाही ना." त्या दिवसापासून डाळ, एखादी भाजी, भात आणि वाटीत कापलेल्या हिरव्या मिरच्या. त्याचा सात-आठ महिन्यांचा करार, मध्ये सुट्टी नाही, घरी दोन वर्षांची मुलगी. मी त्याला आमच्याकडच्या केळीच्या वेफर्सचं बंद पाकीट दिलं. बंद पाकिटातलं नेता आलं, घरचं काही नेऊ नका असं सुनेने बजावलं होतं, म्हणून ठेचा ह्यूस्टनलाच राहिला.

पैसे जहाजावर कुठेच द्यावे लागत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं, सगळं खात्यावर चढतं. अगदी सावद्याच्या किराणा दुकानातली उधारीची वही, फक्त शेवटच्या दिवशी मुलाच्या क्रेडिट कार्डातून चुकती होणारी. बक्षिशीसुद्धा आपोआप लागते, माणशी रोज पंधरा-वीस डॉलरच्या घरात. नानांनी ते रुपयांत करून पाहिलं आणि दिवसभर मला ऐकवलं. राजापूरचा पोरगा भेटल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही.

आता केळ्याची गोष्ट. बफेत फळांच्या टोपलीत केळी होती आणि प्रत्येक फणीला छोटा स्टिकर. नानांनी चष्मा लावून वाचला, ग्वाटेमाला. खाली आकडा ४०११. तिकडे दुकानात केळी याच नंबराने ओळखतात. मग त्यांनी केळं हातात फिरवून पाहिलं, लांबी बोटांनी मोजली, देठ वाकवून पाहिला, साल सोलून गराला नखाने टोचलं. शेजारच्या टेबलावरचं अमेरिकन जोडपं खाणं थांबवून बघत होतं. "पिकवण चांगली हाये," निकाल लागला. "पण गोडी नाही. आपल्याले सवय नाही अशा केळ्याची." स्टिकर सोलून त्यांनी डायरीच्या पुठ्ठ्याला चिकटवला. आठवडाभरात तिथे कोस्टारिकाही आलं.

मला वाचायची सवय, म्हणून निघण्याआधी मुलाकडे थोडं चाळून ठेवलं होतं. त्या समुद्रात सहलीच्या बोटी हिंडायच्या कितीतरी आधी केळीच्या बोटी हिंडत होत्या. १८९९ साली युनायटेड फ्रूट कंपनी निघाली. मध्य अमेरिका आणि जमैकातली केळी अमेरिकेत न्यायला त्यांनी थंड कोठारांच्या बोटींचा ताफा उभा केला. उन्हाने तापू नयेत म्हणून बोटींना पांढरा रंग, म्हणून नावच 'ग्रेट व्हाइट फ्लीट'. खाली केळी आणि वर प्रवासी. हौशी अमेरिकन लोक त्याच बोटींतून कॅरिबियन बघायला जायचे. म्हणजे आज आम्ही ज्या सहलीला आलो तिचं मूळ केळीच्या वाहतुकीत. हे सांगितल्यावर नाना पहिल्यांदा त्या जहाजाकडे आपुलकीने बघायला लागले. "म्हंजे आपन मालाच्या डब्यावर बसेल हाये!" सावद्याच्या स्टेशनातून दिल्लीला केळीच्या वॅगन भरताना बघत वाढलेला माणूस तो.

त्या कंपनीचा इतिहास मात्र काळा आहे. १९२८ साली कोलंबियात केळीच्या मळ्यांतल्या संपकरी मजुरांवर सैन्याने गोळ्या घातल्या, ते मजूर याच कंपनीचे. हेही सांगितलं. त्यावर नाना काही बोलले नाहीत, उठून रेलिंगपाशी जाऊन उभे राहिले.

जमैकात जहाज फॅल्मथला लागतं. हे जुन्या साखरेच्या मळ्यांचं बंदर. बहुतेक लोक धबधब्याला गेले. आम्ही एका टॅक्सीवाल्याला ठरवलं आणि नानांनी मला दुभाषी केलं. "शेती दाखव म्हना." तो हसला आणि त्याच्या मामाच्या घरी घेऊन गेला. टेकडीवरची वाट, मागे परसात रताळ्यासारखे मोठाले कंद लावलेले, तिकडे याम म्हणतात, आणि कडेला वीस-पंचवीस केळी. नानांनी थेट जाऊन खोडाला हात लावला, पान उलटं करून खालची बाजू पाहिली, घडाच्या फण्या मोजल्या. एका झाडाला बांबूचा टेकू होता, त्याची बांधणी बघून म्हणाले, "हा गडी शेतकरी हाये." टॅक्सीवाल्याने सांगितलं की १९८८ साली गिल्बर्ट वादळ आलं तेव्हा तो लहान होता, सकाळी बाहेर आला तर बापाची सगळी केळी झोपलेली. मी भाषांतर करत होते, पण नानांना बहुतेक आधीच समजलं होतं. त्यांनी दोन्ही हात आडवे करून, तोंडाने वाऱ्याचा आवाज काढून आमच्याकडचं जून महिन्यातलं वावटळ दाखवलं. मामा जोरजोरात मान हलवत होते. त्यानंतर माझी गरज उरली नाही. मी ओट्यावर बसून नारळपाणी प्यायले.

त्या मामांच्या आजीची आजी हिंदुस्थानातली. १८४५ साली गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, पहिलं जहाज जमैकाला लागलं आणि पुढच्या सत्तर-बहात्तर वर्षांत ३६,००० च्या आसपास माणसं तिकडे नेली, बहुतेक उत्तरेकडची, उसाच्या आणि मग केळीच्याही मळ्यांत राबायला. घरात कुणालाही हिंदी येत नव्हती, पण मामींनी रोटी केली होती. चवीला आपल्यापेक्षा वेगळी, लाटायची पद्धत तीच. निघताना क्रिकेट निघालंच. गावसकरांनी १९७१ साली पहिल्याच मालिकेत वेस्ट इंडीजमध्ये ७७४ धावा केल्या, हा आकडा मामांनी सांगितला. नाना इतके खूश झाले की ठरल्यापेक्षा जास्त भाडं देऊन मोकळे, रुपयांत हिशोब न करता.

परतताना त्यांचं लक्ष एका केळीच्या बुडाशी फुटलेल्या मुनव्याकडे, म्हणजे लावायच्या कोंबाकडे, होतं. मी डोळे वटारले. रोपं, फळं, माती काहीही इकडून तिकडे न्यायला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे. अमेरिकेत पूर्वी सगळीकडे ग्रो मिशेल जातीचं केळं खायचे, पनामा रोगाने, म्हणजे मुळांतून शिरणाऱ्या मर रोगाने, त्याचे मळे बसले, मग कॅव्हेंडिश जात आली. आमच्या शेतातली ग्रँड नैनही त्याच घराण्यातली. आणि त्याच रोगाचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही धरतो, २०१९ साली तो कोलंबियात सापडला, आपल्याकडे बिहारातही आहे. हे नानांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. "नुस्तं पाहात व्हतो," म्हणाले.

पुढच्या ग्रँड केमन बेटावर जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच थांबतं आणि छोट्या बोटींतून उतरवतात. तिथे बँकांच्या पाट्या इतक्या, की नाना म्हणाले, आमच्या पतसंस्थेत अडकलेले पैसे अठीच कुठी असतील. तिथून पुढे भर समुद्रात कमरेइतक्या पाण्याची वाळूची पट्टी आहे, पूर्वी कोळी तिथे मासे साफ करायचे, म्हणून पाकट (स्टिंगरे) मासे जमायला लागले, ते आजही येतात. मी पंजाबी ड्रेसवर जॅकेट घालून उतरले. पाय उचलायचे नाहीत, वाळूत घासत चालायचं, म्हणजे पाकटावर पाय पडत नाही आणि तो शेपटी मारत नाही. गाइडने एक माझ्या दोन्ही हातांवर ठेवला. खालून इतका मऊ आणि गार, कडा हातांवरून ओघळणाऱ्या, खापरावर टाकायच्या आधी हातांवर पसरवलेला पुरणाचा मांडा असावा तसा. मी ओरडले नाही. नाना बोटीतून उतरलेच नाहीत, वरून व्हिडिओ काढला आणि त्यात निम्मा वेळ त्यांचा अंगठा आहे.

मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर ऊन फार होतं. माया लोकांची इश्चेल देवी, बाळंतपणाची देवी, तिचं जुनं ठाणं तिथे आहे आणि बायका समुद्र ओलांडून तिच्या दर्शनाला यायच्या. मी एकटीच सहलीच्या बसने जाऊन आले. दगडांचे चौथरे आणि भरपूर सरडे. नाना जहाजावर झोपले होते.

आता भेटेल तो विचारतो, जावं का? मी म्हणते जा, बाल्कनीची खोली घ्या, थंडीत जा, जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचा मोसम असतो. नाना मध्येच तोडतात. "बाल्कनी राहू दे. आधी इचार, तेच्याकडे घड किती किलोचा पडतो ते त्याले माहीत हाये का."